दुहेरी तावदानाची कड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले व्याख्यान. सभासदांच्या आग्रहावरून ते येथे छापीत आहोत.)



आपल्या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान वक्ते बोलून गेले. संतवाङ्मय, इतिहास, शिक्षण अशा भारदस्त विषयांनंतर खिडकीच्या काचेवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच आहे. परंतु निमंत्रण देताना चिटणीसांनी असे सुचविले की, प्रत्येकाने आपापल्या उद्योगातील, चार घरांना उपयोगी पडेल असे काही सांगावे. माझा उद्योग काचेचा. तेव्हा त्यातीलच एक लहानशी, पण घरमालकाच्या खिशाला चाट लावू शकणारी बाब आपणांपुढे ठेवण्याचे मी योजिले आहे.

आपली पुष्कळ कुटुंबे वाड्यांतून व चाळींतून निघून उंच इमारतींत राहावयास गेली. कित्येकांची मुले-सुना टोरोंटो, म्यूनिक अशा थंड मुलखांत स्थिरावली आहेत. दोन्हीकडे आज एक वस्तू हटकून भेटते. ती म्हणजे दुहेरी काचेचे बंद तावदान. ते विकत घेताना लोक काचेची जाडी विचारतात, तिचा रंग विचारतात, कारखान्याचे नाव विचारतात. कडेविषयी मात्र कोणी विचारीत नाही. आणि माझा आजवरचा अनुभव असा की, दुहेरी तावदान बिघडते ते बहुधा काचेत नव्हे, तर कडेत. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे; पुढे जे सांगणार आहे तो त्याचा विस्तार समजावा.

पूर्वी तावदान म्हणजे एक काच, चार चुका आणि भोवती लुकण. काच फुटली की कोपऱ्यावरचा काचवाला हिरकणीने नवी कापून तासाभरात बसवून देई. दुहेरी तावदानाची रीत निराळी आहे. त्यात दोन काचा एकमेकींपासून साधारणतः १२ ते १६ मिलिमीटर अंतरावर समांतर ठेवलेल्या असतात व त्यांमधील पोकळी कारखान्यातच चारी बाजूंनी कायमची बंद केलेली असते. पोकळीत कोरडी हवा असते, किंवा आर्गॉन वायू असतो. स्थिर वायू उष्णतेला सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही, हे ह्या रचनेचे मर्म होय. आकड्यांत सांगावयाचे तर, एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानातील दर अंशाच्या फरकामागे सुमारे ५.७ वॉट उष्णता जाते. दुहेरी काच व मध्ये हवा असल्यास ती सुमारे २.८ वॉटवर येते. आतल्या बाजूस चांदीचा अतिसूक्ष्म लेप व पोकळीत आर्गॉन असल्यास ती १.१ वॉटपर्यंतही उतरते.

आता ही सारी पुण्याई टिकते कशाच्या आधारावर? पोकळी कोरडी व बंद राहिली तरच. घरोघरच्या गृहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. लोणच्याची बरणी कितीही जाड चिनी मातीची असली, तरी पावसाळ्यात लोणच्याला बुरशी येते ती बरणीच्या अंगातून नव्हे, तिच्या तोंडातून. म्हणून तर आपण दादरा घट्ट बांधतो. तावदानाचे तोंड म्हणजे त्याची चारी बाजूंची कड. सव्वा मीटर रुंद व दीड मीटर उंच अशा खिडकीत हे तोंड साडेपाच मीटर लांब भरते, आणि त्यातील एका केसाएवढ्या फटीनेही सगळे तावदान निकामी होऊ शकते.

ही कल्पना आजकालची नव्हे. न्यूयॉर्कच्या टॉमस स्टेटसन नावाच्या गृहस्थाने दोन काचा कडेशी जोडून तावदान करण्याचे एकस्व अमेरिकेत १८६५ साली घेतले. परंतु कड टिकाऊ कशी करावी, हे कोडे त्यानंतर पाऊणशे वर्षे नीट सुटले नाही. १९३०च्या दशकापासून काच व धातू यांचा सांधा डाख देऊन बंद करण्याची पद्धत अमेरिकेत व्यापारी प्रमाणावर आली, आणि पुढे कृत्रिम रबराच्या जातीचे चिकट पदार्थ उपलब्ध झाल्यावर आजची पद्धत रूढ झाली.

आजच्या कडेची घडण समजावून घेऊ. तिच्यात चार घटक असतात. पहिला घटक म्हणजे दोन काचांमध्ये उभी केलेली अंतरपट्टी. कारखान्यात तिला स्पेसर म्हणतात. ही बहुधा ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते. दुसरा घटक त्या नळीच्या पोटात भरलेला असतो. ते असतात बारीक मण्यांसारखे शोषक खडे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, तेच हे काम. मात्र ह्या खड्यांची छिद्रे मोजून तीन अँगस्ट्रॉमची असतात, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. पाण्याचा रेणू त्यातून आत शिरतो. नायट्रोजन व आर्गॉन यांचे रेणू मोठे असल्याने बाहेरच राहतात. हा काटेकोरपणा हौसेचा नाही. मोठ्या छिद्रांचे स्वस्त खडे भरले, तर थंडीत ते पोकळीतील नायट्रोजनही गिळतात, आतील दाब उतरतो आणि काचा मध्यभागी आत ओढल्या जातात.

तिसरा घटक म्हणजे पहिले सील. अंतरपट्टीच्या दोन्ही कुशींवर, पट्टी व काच यांच्यामध्ये, पॉलिआयसोब्युटिलीन नावाच्या काळ्या, मेणासारख्या चिकट पदार्थाचा पातळ थर दाबून बसवितात. बाष्प व वायू अडविण्यात त्याची बरोबरी करणारे दुसरे द्रव्य ह्या कामात क्वचितच असेल. परंतु त्याच्या अंगी बळ नाही. ते कधी कडक होत नाही व वजन पेलत नाही. म्हणून त्याच्या बाहेर चौथा घटक येतो, तो म्हणजे दुसरे सील. हे पॉलिसल्फाइड, पॉलियुरेथेन किंवा सिलिकोन यांपैकी एका पदार्थाचे असते व रबराप्रमाणे घट्ट होते. पहिल्याने पाणी अडवावे आणि दुसऱ्याने काचा धरून ठेवाव्यात, अशी ही कामाची वाटणी आहे. एकाच सीलवर भागविलेले तावदान स्वस्त पडते खरे. पण वाटणी मोडली की एकावर दोघांचा भार येतो.

कड नुसती घट्ट असली म्हणजे झाले, असे मात्र कोणी समजू नये. येथेच ह्या विषयातील खरी मेख आहे. बंद पोकळीतील वायू उन्हात तापतो व फुगतो. २५ अंशांवर बंद केलेले तावदान पश्चिमेच्या उन्हात ६० अंशांपर्यंत तापले, तर आतील वायू सुमारे १२ टक्के प्रसरण पावू पाहतो. काचा किंचित बाहेर फुगतात. रात्री निवल्यावर त्या पुन्हा आत येतात. वाऱ्याचे झोत काचेला ढकलतात ते वेगळेच. म्हणजे तावदान रोज एकदा तरी श्वास घेते, आणि वीस वर्षांत सात हजारांहून अधिक वेळा त्याची कड ताणली व दाबली जाते. ह्या सगळ्या काळात कडेने धरूनही ठेवावयाचे आणि थोडे वाकावयाचेही.

वाकणे न जाणणाऱ्या कडेचे काय होते, ह्याचे उदाहरण अमेरिकेतील बोस्टन शहरात घडले. त्या वेळी जॉन हॅन्कॉक टॉवर ह्या नावाने ओळखली जाणारी साठ मजली काचेची इमारत तेथे उभी राहत होती. उंची ७९० फूट. एकेक तावदान सुमारे सव्वादोनशे किलो वजनाचे. जानेवारी १९७३ मधील वादळी वाऱ्यात ही तावदाने फुटून खाली पडू लागली. रिकाम्या जागी प्लायवूडचे तक्ते ठोकण्यात आले, आणि काही काळ त्या देखण्या इमारतीची लाकडाचा राजवाडा म्हणून थट्टा झाली. लोकांना प्रथम वाटले, इमारत वाऱ्याने हलते म्हणून काचा फुटतात. तपासाअंती निराळेच निष्पन्न झाले. त्या तावदानांत शिशाची अंतरपट्टी होती व ती काचेच्या परावर्तक लेपाशी डाखाने जोडलेली होती. हा सांधा कमजोर नव्हता. तो गरजेपेक्षा अधिक ताठ होता. काच हलू पाहत होती आणि सांधा तिळमात्र सैल पडत नव्हता. अखेरीस ताण काचेनेच सोसला आणि कडेपाशी तिला चिरा गेल्या. सर्व १०,३४४ तावदाने काढून त्या जागी एकेरी मजबूत काच बसवावी लागली, आणि इमारत १९७६ साली खुली झाली. सांधा तुटला नाही म्हणून काच फुटली, हा धडा काचेच्या धंद्यात आजही नव्या उमेदवारांना दिला जातो.

आता अंतरपट्टीच्या धातूविषयी दोन शब्द. ॲल्युमिनियम हलके, स्वस्त व वळविण्यास सोपे आहे. पण उष्णतेला ते राजरस्ताच देते. काचेच्या मानाने ते दीडशे पटींहून अधिक उष्णतावाहक आहे. पोलाद, तेही न गंजणारे, त्या मानाने पुष्कळच कमी उष्णता वाहते. आणि प्लास्टिकची पट्टी किंवा सिलिकोनच्या फेसाची पट्टी तर त्याहूनही फार कमी. थंड देशात खिडकीच्या खालच्या कडेशी सकाळी पाणी साचलेले दिसते, त्याचे कारण बहुधा ही ॲल्युमिनियमची पट्टी असते. मधली काच उबदार राहते आणि कड गार पडते. परदेशी गेलेल्या मुलांची ‘भिंतीला बुरशी लागते’ अशी पत्रे येतात, त्यांपैकी काही घरांत दोष भिंतीचा नसून ह्या पट्टीचा असू शकेल. म्हणून त्या मुलखांत नवे तावदान घेताना कमी उष्णतावाहक अंतरपट्टी मागावी. आपल्याकडे हाच खेळ उलटा चालतो. पावसाळ्यात आत यंत्राने थंड केलेली खोली व बाहेर दमट हवा असली, की काचेच्या बाहेरच्या अंगावर, विशेषतः कडेने, कधी कधी दव धरते.

परंतु आपल्या हवामानात कडेचे खरे शत्रू दुसरे आहेत. त्यांतील पहिला शत्रू म्हणजे साचलेले पाणी. खिडकीच्या खालच्या खाचेत पावसाचे थोडे पाणी शिरणारच. ते बाहेर जावे म्हणून चौकटीला छिद्रे ठेवतात आणि तावदान ठोकळ्यांवर उचलून बसवितात. मुंबईत समुद्रासमोरील एका घरी मला बोलाविणे आले होते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तेथील तावदानांत खालून वर धुके चढू लागले होते. पाहतो तो रंगकामाच्या वेळी ती छिद्रे सिमेंट व रंग यांनी बुजून गेलेली. सीलाची कड महिनोन्‌महिने पाण्यात बुडून राहिली होती. नऊ तावदाने बदलावी लागली, आणि त्यांतील एकाही काचेला साधा ओरखडासुद्धा नव्हता. बुजलेली छिद्रे उघडण्यास एक तार आणि पाच मिनिटे पुरली असती.

दुसरा शत्रू सूर्यप्रकाश. चौकटीत झाकलेली कड सुरक्षित असते. परंतु हल्ली बाहेरून चौकट दिसू नये अशी काचेची भिंत उभारण्याची हौस आहे. तेथे कडेवर ऊन थेट पडते. पॉलिसल्फाइडची काचेवरील पकड अशा उन्हाने हळूहळू सुटते, म्हणून तेथे सिलिकोनच लागते. पण सिलिकोन बाष्पाला व वायूला वाट देते, तेव्हा कोरडेपणाचा सगळा भार पहिल्या सीलावर येतो आणि ते अखंड असण्याला दुप्पट महत्त्व येते.

तिसरा शत्रू म्हणजे आपले जुने स्नेही लुकण! जवसाच्या तेलात मळलेले लुकण एकेरी काचेला शोभते; दुहेरी तावदानाच्या सीलात त्यातील तेल मुरते व सील बिघडते. हाताशी मिळेल तो चिकट पदार्थ कडेला थापणेही असेच घातक. कोणता पदार्थ कोणत्या सीलाशेजारी चालतो, हे कारखान्याकडून लेखी घ्यावे.

चौथी बाब शत्रू नव्हे, पण अडचण खरी. मुंबईच्या पातळीवर बंद केलेले तावदान महाबळेश्वरास नेले, म्हणजे सुमारे १,३५० मीटर वर चढविले, की बाहेरचा दाब सुमारे एक सप्तमांशाने कमी होतो आणि काचा पुरीसारख्या फुगतात. दर १०० मीटर चढ म्हणजे वायू साडेतीन अंश तापविण्याइतकाच ताण, असे ढोबळ गणित आहे. घाटावरच्या थंड गावी घर बांधणाऱ्यांनी ही उंची कारखान्यास आधी कळवावी. दाब सम करण्याची बारीक नळी बसविणे, किंवा तावदान त्या उंचीला धरूनच भरणे, असे उपाय कारखान्याला माहीत असतात.

येथे एक गोष्ट निर्भीडपणे सांगतो. दुहेरी काच सर्वांनाच हवी असे नाही. बर्फाच्या देशात ती गरज आहे. मुंबई-पुण्यात आतबाहेरच्या तापमानाचा फरक थोडा. तेथे सरळ येणारे ऊन अडविणे अधिक मोलाचे, आणि ते काम छज्जा, बाहेरचा पडदा किंवा काचेवरील योग्य लेप करतो. रस्त्याचा आवाज हीच तक्रार असेल, तर सारख्या जाडीच्या दोन पातळ काचांपेक्षा मध्ये पापुद्रा असलेली जाड जोडकाच आणि झडपांची घट्ट रबरे अनेकदा अधिक उपयोगी पडतात. पैसा आपल्या कष्टाचा आहे. दुखणे ओळखून औषध घ्यावे.

दुहेरी तावदान घ्यावयाचे ठरलेच, तर विक्रेत्याला पुढील प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, सील एक की दोन, आणि दुसरे सील कशाचे? दुसरा, अंतरपट्टी कोणत्या द्रव्याची, आणि तिचे कोपरे वळविलेले की तुकडे जोडून केलेले? जोड जितके कमी, तितक्या गळण्याच्या जागा कमी. तिसरा, काचेवर चांदीचा लेप असल्यास सीलाच्या जागेवरून तो घासून काढला आहे काय? तो तसाच राहिला, तर बाहेरच्या ओलीने कडेपासून गंजत आत सरकतो. चौथा, मालाची चाचणी कोणत्या मानकाने झाली? युरोपच्या ईएन १२७९ ह्या मानकात नमुन्यांना उणे १८ ते ५३ अंश असे ५६ फेरे देतात, पुढे सात आठवडे ५८ अंशांच्या दमट उष्णतेत ठेवतात, आणि वायूची गळती वर्षाला एक टक्क्याहून कमी असावी लागते. अमेरिकेच्या एएसटीएम ई २१९० मध्ये, चाचणीनंतरही आतील हवा उणे ४० अंशांपर्यंत दव धरणार नाही इतकी कोरडी असावी लागते. पाचवा व शेवटचा, धुक्याविरुद्ध किती वर्षांची हमी, आणि ती कागदावर आहे काय?

धुक्याचीही पारख असावी. बोटाने पुसून पाहावे. आतल्या अंगावरून पुसले गेले तर ती खोलीतील ओल; बाहेरून पुसले गेले तर बाहेरच्या हवेतील. दोन्हीकडून पुसूनही गेले नाही, तर ते दोन काचांच्या मध्ये आहे. कड फुटली व खडे पाण्याने भरले असे समजावे. तेव्हा भोक पाडून आत वारा घालण्याच्या उपायांवर पैसा दवडू नये. शोषक खडे त्याने पुन्हा ताजे होत नाहीत आणि कडेची फट तशीच राहते. मात्र सगळी खिडकी बदलण्याचेही कारण नसते. चौकट चांगली असेल तर केवळ तावदान बदलावे. सबंध खिडकी खपविण्याचा आग्रह धरणारा कंत्राटदार भेटला, तर एवढे ज्ञान पुष्कळ पैसा वाचवील.

काच किती टिकाऊ असते, ह्याचा एक दाखला देऊन आवरते घेतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीतील ६,५१४ दुहेरी तावदाने २०१० साली उतरवून त्याच इमारतीत थाटलेल्या कारखान्यात खोलण्यात आली. काचा धुऊन पुन्हा वापरल्या. मध्ये पारदर्शक पापुद्रा, नवी अंतरपट्टी व नवा वायू घालून कड नव्याने बांधली आणि तावदाने पुन्हा जागी बसविली. काच जुनीच, कड नवी, आणि खिडकीची उष्णता अडविण्याची शक्ती पहिल्याहून अधिक. असे काम एका घरापुरते परवडत नाही, हे खरे. पण मोल कशाला आहे, हे त्यावरून दिसते.

आपल्या तरुणांना शेवटी एक विनंती. काच घडविण्याचे कारखाने मोठ्या भांडवलाचे असतात. परंतु तावदाने जोडणे, ती योग्य रीतीने बसविणे, तपासणे व बदलून देणे ही कामे मध्यम भांडवलाची आणि कौशल्याची आहेत. शहरांत जितकी काच चढते आहे, तितकी ती नीट बसविणारी माणसे नाहीत. नोकरीच्या वाटेखेरीज ह्याही वाटेचा विचार करावा. विचारावयास येणाऱ्यास, माझ्याजवळ जे आहे ते देण्यास मी सदैव तयार आहे.

सहा मीटर काचेकडे सारे पाहतात. सहा मिलिमीटर सीलाकडे कोणी पाहत नाही. आपण पाहावे, एवढेच माझे मागणे.